विजेच्या गाडीचा पोळा

आमच्या नगरपालिकेत विजेवर चालणारी पहिली गाडी आली, तेव्हा ती आल्याचे कुणालाच ऐकू आले नाही. स्वागताची मंडळी हार घेऊन मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी उभी होती आणि ट्रॅक्टरच्या धडधडीला सरावलेले त्यांचे कान दूरवर लागले होते. गाडी मात्र मागच्या गल्लीतून येऊन त्यांच्याच पाठीशी, निंबाच्या सावलीत, केव्हाची उभी होती. अध्यक्ष वळले आणि दचकले. पाहुणा आधीच घरात येऊन बसलेला दिसावा तसा त्यांचा चेहरा झाला, आणि त्याच चेहऱ्याने त्यांनी तिला हार घातला.

पोपटी रंगाची, तीन चाकांची, मागे पत्र्याची पेटी आणि पुढे एकच आसन अशी ती होती. जवळ गेले की नव्या रबराचा आणि ओल्या रंगाचा वास यायचा. कचऱ्याचा वास अजून तिच्या अंगाला शिवला नव्हता. तेवढ्या एका दिवसापुरती ती नगरपालिकेची सर्वांत स्वच्छ वस्तू होती.

तेव्हा आम्ही आंध्र प्रदेशात होतो. कचेरी तेलुगूत चाले, बाजार उर्दूत, आणि चुलीपुढचे सारे मराठीत. राजधानीतून हुकूम सुटला होता की लहान गावांनीही आता धूर सोडणारी वाहने हळूहळू कमी करावीत. आमच्या नगरपालिकेचा ताफा म्हणजे दोन ट्रॅक्टर, पाण्याचा एक टँकर आणि एक बैलबंडी. यांपैकी धूर मुळीच न सोडणारे वाहन एकच होते, आणि काढून टाकायला सर्वांत आधी तेच निवडले गेले.

ती बंडी माझे बाबा हाकत. कापूस बाजाराच्या मागच्या बोळांत ट्रॅक्टर शिरत नसे, म्हणून तिथला कचरा पिढ्यान्‌पिढ्या बैलबंडीतूनच निघे. बंडी सरकारी होती, बैल सरकारी होते, त्यांची पेंडही सरकारी होती. सरकारी नव्हते ते फक्त बाबा. ते रोजंदारीवर होते. कायम होण्याला आमच्याकडे ‘पक्के होणे’ म्हणतात, आणि माझ्या लहानपणापासून घरात ज्या गोष्टीची वाट पाहिली गेली ती हीच. दर निवडणुकीला कुणीतरी त्यांना पक्के करण्याचे वचन देई. बाबा ते वचन घरी आणत आणि आई ते चुलीत घाली.

‘जलमभर कच्चेच राह्यले,’ ती म्हणायची, ‘आता पिकाल तं गळूनच पडाल.’

जोडीतला एक बैल त्या उन्हाळ्यात गेला आणि दुसरा एका शेतकऱ्याने नेला. बाबा रिकामे झाले. तेव्हा कमिशनर साहेबांनी, जे वयाने माझ्याहूनही लहान होते, त्यांना बोलावून सांगितले की नवी गाडी त्यांनीच चालवावी. हैदराबादहून एक अधिकारी बाई ती पाहायला येतील. गाडी नीट चालली तर आणखी गाड्या मिळतील, आणि बाबांना पक्के ड्रायव्हर करावे अशी शिफारस ते स्वतः करतील. बाबांची नोकरीची थोडीच वर्षे उरली होती. ही संधी शेवटची आहे हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही.

गाडी शिकणे फारसे अवघड नव्हते. बैल विसरणे अवघड होते. बाबा मूठ पिळण्याआधी जिभेने चुचकारत. थांबायचे झाले की आधी लांबलचक ‘हो… हो…’ म्हणत आणि ते म्हणून संपल्यावर ब्रेक दाबत, त्यामुळे गाडी नेहमी एक घर पुढे जाऊन थांबे. बायका टोपल्या घेऊन मागून चालत येत आणि कचऱ्याबरोबर चार शब्दही तिच्यात टाकत.

मुळात त्या बाहेर येत तरी कशा? बंडीच्या आसाची करकर आणि बैलांची घुंगरमाळ हे त्या बोळांचे घड्याळ होते. ही गाडी तर मांजरीच्या पावलाने यायची. पहिले काही दिवस ती रिकामीच फिरून आली, आणि कागदोपत्री आमचे गाव अचानक कचरामुक्त झाले. मग बाबांनी गेलेल्या बैलांची घुंगरमाळ खुंटीवरून काढली आणि गाडीच्या गळ्यात, म्हणजे आरशांच्या दांड्यांना, बांधली. सफाईच्या कामावर देखरेख करणारे दरोगा, पान खाणारे जुने मुसलमान गृहस्थ, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, ‘मामू, ये गाड़ी है या दुल्हन?’ पण दुसऱ्या दिवसापासून दारे उघडू लागली.

आता राहिला प्रश्न विजेचा. विजेची गाडी मिळाली होती. वीज मिळाली नव्हती. सकाळी करंट जाई, दुपारी जाई, आणि संध्याकाळी आलाच तर दिव्यात पिवळा होऊन बसे. शेवटी कमिशनर साहेबांनी तोड काढली. गावाबाहेर तळ्याकाठी पाणीपुरवठ्याचे पंपघर होते. त्याची लाइन सहसा तोडत नसत. गाडी तिथे जाऊन चार्ज व्हावी असे ठरले. त्यामुळे ती रोज संध्याकाळी जेवायला तळ्यावर जाई, आणि जे खाल्ले त्यातले बरेचसे गावात परत येण्यातच खर्चून बसे. बाबांना त्यात वावगे वाटले नाही. ते चार्जिंगला ‘चारा’ म्हणत, आणि चाऱ्यापर्यंत जनावराने चालत जावे हे त्यांना रीतीचेच वाटे.

मी त्या वर्षी पोळ्याला घरी आले होते. जवळच्या गावातल्या सरकारी शाळेत मी मराठी शिकवत होते. वर्गात कविता, वर्गाबाहेर हजेरी आणि मध्यान्ह भोजनाचे तांदूळ. गावात शिरताच ओल्या मातीचा, गेरूचा आणि भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचा वास एकत्र आला. कपाशी फुलावर होती. घरी मात्र सणाची गडबड दबकी होती. हैदराबादच्या मॅडम त्या आठवड्यात कधीही येतील असा निरोप आला होता, आणि त्यामुळे आईने बाबांचा सदरा रोज धुऊन रोज वाळत घालण्याचा नेम धरला होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहणाऱ्या बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी लावून पळसाच्या पानाने तो शेकायचा, आणि उद्याच्या जेवणाचे आमंत्रण त्याच्या कानात सांगायचे. बैल गेल्यामुळे यंदा ते होणार नाही असे आई धरून चालली होती. दुपारी बाबा गाडी तळ्यावर घेऊन गेले. त्यांनी ती बैलासारखीच धुतली, म्हणजे कुठलाही सांधा, कुठलीही फट न वगळता, बादल्यांवर बादल्या ओतून. ठिबकणारी गाडी त्यांनी अंगणात आणून उभी केली आणि आईकडे लोणी मागितले.

‘अवो, बैल गेले,’ आई म्हणाली. ‘आता खांदा कोनाचा शेकता?’

‘जो वझं वाह्यते त्याचा.’

‘मंग दाखवा, त्याले खांदा कुठं हाय तो.’

बाबा गाडीभोवती फिरू लागले. प्रश्न त्यांनी मनापासून घेतला होता. पुढची मूठ त्यांनी हाताळली आणि सोडून दिली. ती शिंगे होती. चाके तर पायच. पेटीला पाठ म्हणता आले असते, पण पाठ शेकत नाहीत. बराच वेळ गेला. शेवटी आसनाच्या कडेला, चार्जिंगची पिन जिथे खोवतात तिथले छोटे झाकण त्यांनी उचलले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

‘सारा जोर इथूनच येते हिच्या अंगात,’ ते म्हणाले. ‘खांदा म्हंजे हाच.’

रूपक कुठवर ताणावे याचे रीतसर शिक्षण मी विद्यापीठात घेतलेले होते. हळदीची वाटी हातात धरून मी पाहत उभी होते, आणि ते रूपक माझ्यासमोर लोण्याने माखले जात होते. पळसाचे पान त्यांच्या बोटांखाली चुरचुरत होते. ताज्या लोण्याचा आंबूस-गोड वास आणि कच्च्या हळदीचा मातकट वास अंगणभर झाला होता. बाबा हात आखडता घेणारे नव्हते. शेकून झाल्यावर ते झाकणापाशी वाकले आणि, बैलाच्या कानात सांगावे तितक्याच हळू, म्हणाले, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’

मग ते तिला चाऱ्याला घेऊन गेले.

पंपघरात पिन खोवताच काय झाले ते पंपवाल्याने नंतर सांगितले. एक फट् आवाज, निळी ठिणगी, आणि तूप कढवताना बेरी करपावी तसा वास. तो सांगत असताना गाडी अंगणात येतच होती, पण चाकांवर असली तरी स्वतःच्या बळाने नव्हे. बाबा पुढून मूठ धरून होते आणि पंपवाला मागून ढकलत होता. तळ्यावरच राहू द्यायची होती, असे आई म्हणाली. बाबांनी उत्तर दिले की जनावर आजारी असले तरी पोळ्याला ते घरीच पाहिजे.

सकाळी त्यांनी तिला सजवले. आरशांच्या दांड्यांना गेरू लावला, मुठीला बाशिंग बांधले, आणि आईचे एक जुने जांभळे लुगडे झूल म्हणून तिच्या पाठीवर पसरले. पुरण शिजत होते. वेलदोड्याचा वास दाराबाहेर गेला आणि त्याच वेळी दरोगा आत आले.

मॅडम काल आदिलाबादला उतरल्या होत्या. दुपारपर्यंत त्या इथे पोचणार होत्या. गाडी लगेच बाहेर काढायची होती, आणि बोळांतून एक तरी फेरी मॅडमच्या डोळ्यांसमोर व्हायला हवी होती.

‘आज पोळा हाय,’ बाबा म्हणाले. ‘आज जुपत नाई.’

दरोगांनी त्यांच्याकडे, मग लुगड्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे पाहिले. ‘मामू, बैल होता तो मैं बी नै बोलता था. ये तो बैटरी है.’

‘म्हनून काय तिले सन नाई?’

खरे म्हणजे बाबांची ती रीत जुनी होती. पोळ्याच्या दिवशी बंडी कधीच निघाली नव्हती, आणि त्या दिवशी कचरा घरातच ठेवायचा हे बोळांना ठाऊक होते. नियमात ते कुठेही नव्हते. म्हणूनच कदाचित ते इतकी वर्षे टिकले. पण गाडी मेलेली आहे हे बाबांनी दरोगांना सांगितले नाही. त्यांच्या त्या नकारात सण किती होता आणि करपलेली बेरी किती, ते मी आजही वेगळे करू शकत नाही. त्यांनाही त्या घटकेला ते करता आले असते असे वाटत नाही.

दुपारी आमच्या दारात जीप थांबली. मॅडम पन्नाशीच्या असाव्यात. सुती साडी, प्रवासाने चुरगळलेली, आणि डोळ्यांत अपुरी झोप. त्यांच्या मागे कमिशनर साहेब उतरले, आणि लुगडे पांघरून उभी असलेली राज्य सरकारची मालमत्ता पाहून तिथेच थबकले. मॅडम सरळ गाडीपाशी गेल्या. बाशिंगाला बोट लावले. खाली वाकून त्यांनी झाकणाजवळचा वास घेतला, आणि आज गाडी कामावर का नाही असे विचारले.

कमिशनर साहेब हुशार होते. क्षणाचाही वेळ न घेता त्यांनी सांगितले की बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून इथे तिला मधूनमधून पूर्ण विश्रांती दिली जाते. हा स्थानिक पातळीवरचा प्रयोग आहे. मॅडमची भुवई कौतुकाने वर गेली. ही कल्पना कुणाची, त्यांनी विचारले. साहेबांनी बाबांकडे हात केला, आणि हलक्या आवाजात, तेलुगूत, मला म्हणाले की वडिलांना फक्त ‘हो’ म्हणायला सांग.

सारे एका होकारावर आले होते. दाराच्या चौकटीत उभी असलेली आई पदराआडून जोरजोरात मान हलवून बाबांना तो होकार कसा द्यायचा ते दाखवत होती. मी तोंड उघडण्याआधीच बाबा पुढे झाले. तेलुगू, उर्दू आणि आमची बोली यांची त्यांनी आयुष्यभर बाजारात वापरलेली एक मोळी होती. तीच त्यांनी मॅडमपुढे सोडली.

‘आराम-गिराम कुच नै, मॅडम. आज पोळा. पोळ्याले जुपत नाई. अन् जुपली असती तरी चालली नसती. मी तिच्या खांद्याले लोनी लावलं, ते जळली. तप्पु माझा हाय.’

तप्पु म्हणजे चूक. तेवढा तेलुगू शब्द त्यांनी नेमका निवडला होता, म्हणजे मॅडमना कळायला दुसरे कुणी लागू नये.

चुलीवरचे पुरण खाली लागल्याचा वास आला आणि कुणीच आत गेले नाही. मॅडमनी ‘लोणी’चा अर्थ मला विचारला. मी सांगितला. त्यांनी पुन्हा एकदा वाकून त्या झाकणाकडे पाहिले, आणि मग सरळ होत, बाबांना कळावे म्हणून हिंदीत म्हणाल्या, ‘हैदराबाद में तो बिना मक्खन के ही बंद पड़ जाती हैं.’

कमिशनर साहेब हसावे की नाही हे ठरवेपर्यंत त्यांनी पुढचा प्रश्न टाकला. तीनचाकीचे लायसन दाखवा. बाबांकडे ते नव्हते. बैल हाकायला कुणी मागितले नव्हते, आणि गाडी देताना मागायचे साहेबांना सुचले नव्हते. साहेब निंबाच्या शेंड्याकडे पाहू लागले. मॅडमनी शांतपणे सांगितले की लायसनाशिवाय हा माणूस गाडीवर बसू शकत नाही, आणि ड्रायव्हर म्हणून तो कायम होण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते अधिकच शेवटचे वाटले. आई उंबऱ्यावर बसली.

पण मॅडम लगेच निघाल्या नाहीत. त्यांनी पाणी मागितले. पुरणपोळी त्यांनी घेतली ती बांधून; त्यांच्याकडेही याच अमावस्येला मुलांसाठी पूजा असते आणि ती टाकून त्या इकडे निघाल्या होत्या, असे त्या मला म्हणाल्या. पाणी पिता पिता त्यांनी विचारले की याआधी हा माणूस काय करत होता. बैलबंडी, मी सांगितले. बैल कुठे गेले? एक मेला, एक दिला. मग त्या कमिशनर साहेबांकडे वळल्या. बंडीवानाचे पद तुम्ही रद्द करून घेतले का?

साहेबांना कबूल करावे लागले की ते राहून गेले. बैल गेले होते. पद जिवंत होते. निजामाच्या काळापासून ते मंजूर होते, आणि इतक्या वर्षांत कुणीही त्यावर पक्का माणूस नेमला नव्हता, कारण त्यावर एक कच्चा माणूस काम करतच होता.

‘मग भरा,’ मॅडम म्हणाल्या आणि जीपमध्ये बसल्या.

हुकूम यायला हिवाळा उजाडला. तोवर गाडी दुरुस्त झाली होती, तिला आदिलाबादहून एक लायसनवाला तरुण ड्रायव्हर मिळाला होता, आणि तशाच आणखी गाड्या मंजूर झाल्याचे कळले होते. मॅडमचा अहवाल चांगला असावा. बाबा बंडीवान म्हणून पक्के झाले होते. मात्र एक अट होती. बंडीवानाला बंडी हवी आणि बंडीला बैल. म्हणून नवी जोडी नगरपालिकेच्या आवारात हजर होईल त्या दिवसापासून नेमणूक धरली जाणार होती. अशा रीतीने, विजेच्या वाहनांच्या योजनेचा पहिला ठोस परिणाम म्हणून, आमच्या नगरपालिकेने बैल विकत घेतले.

ते आणायला बाबांनाच इचोड्याच्या बैलबाजाराला पाठवले. कमिशनर साहेबांनी, त्या दुपारची थोडी भरपाई म्हणून असेल, टेम्पोची सोय केली. दुपारी जोडी घ्यायची, चढवायची, दिवस मावळायच्या आत आवारात. दरोगा हजेरीसाठी थांबतील. एकाच संध्याकाळी बाबा पक्के होणार होते.

संध्याकाळ झाली, टेम्पो रिकामा आला. त्यामागोमाग शेजाऱ्यांच्या मोबाइलवर बाबांचा फोन आला. हमरस्त्यावरच्या एका ढाब्यावरून ते बोलत होते. मागून ट्रकांचे हॉर्न आणि कुणाचीतरी चहाची मागणी ऐकू येत होती. जोडी मनासारखी मिळाली होती. ती घेऊन ते पायी निघाले होते.

आईने फोन दोन्ही हातांनी धरला. ‘अवो, इतकी वर्स तुमाले सरकारनं थांबवलं. आता सरकार तयार हाय तं तुमी काऊन थांबून राह्यले?’

पलीकडून बाबांचा आवाज निवांत आला. ‘नवी जोडी हाय. टेम्पोत घालून आनली तं गाव वळखनार नाई. रस्ता तिच्या पायाखालून गेला पाह्यजे.’

आईने बंद झालेला फोन शेजाऱ्यांच्या हातात दिला. मग म्हणाली, ‘पायी येऊन राह्यलं यांचं पक्कं होनं.’ आणि, का कोण जाणे, हसली.

वाटेत एक मुक्काम करून ते दुसऱ्या दिवशी उन्हे वर आल्यावर पोचले. मी आणि आई आवाराच्या फाटकाशी उभ्या होतो. आधी धूळ दिसली, मग तिच्यात दोन पांढुरकी वशिंडे, आणि त्यांच्या मधोमध बाबा, चपला हातात घेतलेले. वाटेवरच्या कडब्याचा आणि जनावरांच्या घामाचा उबदार वास त्यांच्या आधी फाटकातून आत शिरला. घुंगरमाळ उतरवलेली पोपटी गाडी आवाज न करता त्यांच्या शेजारून निघून गेली; बैल बुजले नाहीत. दरोगा हजेरीची वही आणि पेन घेऊन पायरीवर उभे होते, आतून कमिशनर साहेबही बाहेर आले होते.

बाबांनी दोघांनाही पाहिले. रामराम केला. आणि जोडी सरळ आवारातल्या हौदाकडे नेली.

‘मामू, पहले दस्तखत,’ दरोगा म्हणाले.

‘थांबा जरा,’ बाबा म्हणाले. ‘जोडी पानी पिऊन राह्यली.’

आणि सरकार थांबले.